रिक सॅण्टोरम : एका कॅथलिक राजकारण्याची वाटचाल

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदी आजवर दोनच कॅथलिक व्यक्ती निवडून आल्या आहेत : १९६० साली जॉन केनेडी व २०२० साली जो बायडन. दोघेही डेमोक्रॅटिक पक्षाचे. २०१२ साली रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मिळविण्यासाठी एक कॅथलिक गृहस्थ मैदानात उतरले आणि पक्षांतर्गत स्पर्धेत दुसऱ्या स्थानापर्यंत पोहोचले. ते म्हणजे रिक सॅण्टोरम. आपली श्रद्धा त्यांच्याइतकी उघडपणे बोलून दाखविणारा उमेदवार विरळाच. तथापि कॅथलिक मतदारांनीच त्यांना पुरेशी साथ दिली नाही. त्यांच्या वाटचालीची ओळख वाचकांना करून द्यावी असे आम्हाला वाटले ते याच कारणाने.

सॅण्टोरम यांचा जन्म १० मे १९५८ रोजी व्हर्जिनिया राज्यात झाला. वडील इटलीहून आलेले मानसशास्त्रज्ञ. आजोबा पेनसिल्व्हेनियातील कोळशाच्या खाणीत राबलेले. या आजोबांचा उल्लेख त्यांच्या भाषणांत वारंवार येत असे. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी काही काळ वकिली केली. १९९० साली, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते पिट्सबर्ग परिसरातून प्रतिनिधिगृहावर निवडून आले. १९९४ साली सिनेटमध्ये गेले आणि २००० साली पुन्हा विजयी झाले. १९९६ साली गरिबांना मिळणाऱ्या सरकारी साह्याची पद्धत बदलणारा जो कायदा झाला, तो सिनेटमध्ये पुढे नेण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

त्यांचे नाव जोडले गेले ते मात्र गर्भपाताच्या प्रश्नाशी. १९७३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने गर्भपात हा घटनात्मक हक्क ठरविला आणि तेव्हापासून हा प्रश्न अमेरिकेच्या प्रत्येक निवडणुकीत धुमसत राहिला. गर्भ अर्धवट बाहेर आल्यावर केल्या जाणाऱ्या गर्भपातावर बंदी घालावी, यासाठी सॅण्टोरम सिनेटमध्ये अनेक वर्षे झगडले. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी दोनदा नकाराधिकार वापरला. अखेर २००३ साली राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या स्वाक्षरीने तो कायदा झाला व २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला.

हा वाद ऐन भरात असतानाच, १९९६ साली, त्यांचा मुलगा गॅब्रिएल अकाली जन्मला आणि दोन तासांत देवाघरी गेला. त्यांच्या पत्नी कॅरन यांनी या बाळाला उद्देशून लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. २००८ साली जन्मलेली त्यांची धाकटी कन्या बेला हिला गुणसूत्रांचा एक गंभीर विकार आहे. अशी बहुतेक बालके पहिला वाढदिवसही पाहत नाहीत. सॅण्टोरम यांच्या मतांशी सहमत नसलेल्यांनीही हे मान्य करावयास हवे की, जे त्यांनी सभागृहात मांडले ते त्यांच्या घरात कसोटीला लागले होते.

इतर बाबतींत चित्र इतके सरळ नाही. इराकवरील आक्रमणास पोप दुसरे जॉन पॉल यांनी कळकळीने विरोध केला. सॅण्टोरम यांनी युद्धाला पाठिंबा दिला. स्थलांतरितांच्या प्रश्नावर त्यांची भूमिका अमेरिकन बिशपांपेक्षा बरीच कठोर होती. पर्यावरणाविषयी पोप फ्रान्सिस यांचे परिपत्रक २०१५ साली येऊ घातले असता, विज्ञान शास्त्रज्ञांवर सोपवावे, असा सल्ला त्यांनी दिला होता. उलट, आफ्रिकेतील एड्सग्रस्तांसाठी निधी मिळावा म्हणून त्यांनी झटून प्रयत्न केले, ही गोष्ट त्यांचे टीकाकार सहसा सांगत नाहीत.

२००६ साली त्यांचा सिनेटमध्ये पराभव झाला, तोही सुमारे १७ टक्क्यांच्या फरकाने. प्रतिस्पर्धी बॉब केसी हेही कॅथलिक होते आणि गर्भपाताला आपला विरोध असल्याचे सांगत होते. त्यामुळे सॅण्टोरम यांचे मुख्य अस्त्र बोथट झाले. शिवाय इराक युद्धाविषयीची नाराजी होतीच.

सहा वर्षांनी ते राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले तेव्हा कोणी त्यांना फारसे मोजत नव्हते. त्यांनी आयोवा राज्यातील सर्वच्या सर्व ९९ परगणे पालथे घातले. जानेवारी २०१२ मध्ये तेथे मिट रॉम्नी ८ मतांनी विजयी झाल्याचे आधी जाहीर झाले. दोन आठवड्यांनी अंतिम मोजणीत सॅण्टोरमच ३४ मतांनी पुढे असल्याचे निष्पन्न झाले. पण विजयाचा गाजावाजा व्हावयाचा तो प्रतिस्पर्ध्याचा होऊन गेला होता! तरीही त्यांनी एकूण ११ राज्ये जिंकली.

त्यांना मते दिली ती प्रामुख्याने इव्हॅन्जेलिकल प्रॉटेस्टंटांनी. मिशिगन व ओहायो या निर्णायक राज्यांत कॅथलिक मतदारांचा कल मॉर्मन पंथीय रॉम्नी यांच्याकडे राहिला. याच सुमारास सॅण्टोरम यांनी केनेडींच्या १९६० सालच्या ह्यूस्टन येथील भाषणावर कडाडून टीका केली. धर्मसंस्था व शासन यांची पूर्ण फारकत असावी, असे केनेडी त्या भाषणात म्हणाले होते. ते वाचून आपल्याला मळमळते, हे सॅण्टोरम यांचे उद्गार अनेकांना खटकले आणि पुढे त्यांनी त्याबद्दल खेदही व्यक्त केला. आमच्या मते शब्द चुकले, पण प्रश्न गैर नव्हता. श्रद्धासिद्धान्त मंडळाने २००२ साली प्रसृत केलेल्या टिपणात म्हटले आहे की, कॅथलिक प्रापंचिकाला सार्वजनिक जीवनात आपली सदसद्विवेकबुद्धी बाजूला ठेवता येत नाही. मात्र त्याच टिपणात जीवनरक्षणासोबत शांतता आणि न्याय्य अर्थव्यवस्था यांचाही आग्रह आहे. तो भाग निवडणुकीच्या सभांतून क्वचितच ऐकू येतो.

एप्रिल २०१२ मध्ये बेलाला रुग्णालयात दाखल करावे लागले आणि त्यानंतर काही दिवसांतच त्यांनी प्रचार थांबविला. २०१६ साली त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. आयोवात जेमतेम एक टक्का मते मिळताच माघार घेतली.

एक जुनी गोष्ट मात्र येथे नोंदवावयास हवी. २००४ साली आपल्याच राज्याचे सिनेटर आर्लेन स्पेक्टर यांना पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांनी पाठिंबा दिला होता. स्पेक्टर गर्भपाताच्या हक्काचे समर्थक होते. त्यामुळे सॅण्टोरम यांचे निष्ठावंत त्यांच्यावर संतापले आणि २०१२ सालीही हा आरोप त्यांच्यामागे राहिला. स्पेक्टर निसटत्या मतांनी तगले व सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष झाले. त्यांच्याच अध्यक्षतेखाली न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांच्या नियुक्तीची सुनावणी झाली. १९७३ चा निर्णय रद्द करणारे २४ जून २०२२ चे निकालपत्र लिहिले ते याच अलिटो यांनी. तोपर्यंत सॅण्टोरम यांना सिनेट सोडून पंधरा वर्षे उलटली होती.