गोवा प्रश्न, सुरक्षा परिषदेतील (१९६१)

गोवा, दमण व दीव या पोर्तुगीज प्रदेशांत १७-१८ डिसेंबर १९६१ च्या रात्री भारतीय सैन्य शिरले, त्यावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत झालेला वाद. शेजारचा मुलूख बळाने घेणारे सरकार जगापुढे आपली बाजू कशी मांडते, याचे हे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. भारतात या घटनेला ‘गोवामुक्ती’ म्हणतात, पोर्तुगीज लेखनात ती ‘आक्रमण’ आहे. कोणता शब्द वापरायचा, इथूनच वाद सुरू होतो.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(४) दुसऱ्या राष्ट्राच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध बळाचा वापर करायला मनाई करते. परिषदेची परवानगी नसेल, तर उरते कलम ५१ : सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षण. त्यामुळे सरकारांपुढे दोनच वाटा राहतात. आपल्यावर हल्ला झाला असे दाखवायचे, किंवा मनाईचे हे कलम इथे लागूच होत नाही असे म्हणायचे. भारताने दोन्ही वाटा धरल्या, पण भिस्त दुसरीवर ठेवली.

पहिल्या वाटेला आधार होता कारवारजवळच्या अंजदीव बेटाचा. या बेटावरच्या पोर्तुगीज शिबंदीने नोव्हेंबर १९६१ मध्ये ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर गोळीबार केला. त्याच सुमारास एक मच्छीमारही गोळीने मारला गेला. त्याआधी १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर झालेल्या गोळीबारात वीसहून अधिक जण मारले गेले होते. लोकांच्या मनात संताप पेटवायला एवढे पुरे होते. मात्र भूदल, नौदल आणि विमानदल यांच्या एकत्रित मोहिमेचे ओझे अंजदीवच्या गोळ्यांवर पेलणारे नव्हते.

परिषदेची बैठक पोर्तुगालच्या तक्रारीवरून १८ तारखेलाच न्यूयॉर्कमध्ये भरली. भारत तेव्हा परिषदेचा सदस्य नव्हता; बाजू मांडायला स्थायी प्रतिनिधी चंद्रशेखर झा यांना बोलावण्यात आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : गोवा भारताचाच भाग, मध्ये कायदेशीर सरहद्द अशी नाहीच, आपल्याच लोकांवर आक्रमण कसे होईल? १५१० मधला पोर्तुगीज कब्जा मुळातच बेकायदा होता, तो साडेचारशे वर्षांनी कायदेशीर ठरत नाही. शिवाय आमसभेने १४ डिसेंबर १९६० च्या ठरावाने (क्र. १५१४) वसाहतवाद संपवण्याची घोषणा केली आहे. याच ओघात झा यांनी सनद असो वा नसो, परिषद असो वा नसो, या श्रद्धेपासून भारत हटणार नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. टीकाकारांनी नंतर वारंवार बोट ठेवले ते याच वाक्यावर. वकिलाने न बोलावे ते प्रामाणिक माणूस बोलून गेला, असेच म्हणावे लागते.

पोर्तुगालची बाजूही निखळ नव्हती. १९५१ मध्ये राज्यघटना बदलून त्याने वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले आणि मग वसाहतच नाही तर वसाहतवादाचा प्रश्न कुठला, असा पवित्रा घेतला. पाटी बदलण्याची ही युक्ती आमसभेने १५ डिसेंबर १९६० च्या ठरावात (क्र. १५४२) अमान्य केली होती.

अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांनी युद्धबंदी आणि भारतीय सैन्याची माघार मागणारा ठराव मांडला. त्याला सात मते मिळाली. सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक विरोधात गेले. सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव पडला. पोर्तुगालची तक्रार फेटाळावी, हा उलट ठराव चार विरुद्ध सात मतांनी पडला. संयुक्त राष्ट्रांच्या अंताच्या नाटकाचा हा पहिला अंक ठरेल, अशी भीती अमेरिकेचे ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी व्यक्त केली. १९ डिसेंबरच्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली आणि परिषदेतला वाद वास्तवाच्या मागे पडला.

सरहद्दच नाही, हा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने कितपत टिकाऊ होता? दादरा व नगर हवेलीच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी दिलेला निकाल इथे बोलका आहे. १७७९ च्या करारान्वये मराठ्यांनी पोर्तुगीजांना दिले ते सार्वभौमत्व नव्हे, तर केवळ महसुलाचा हक्क, म्हणजे सरंजाम, हे भारताचे म्हणणे न्यायालयाने उचलून धरले. पोर्तुगीज सैन्य व शस्त्रे नेण्याचा मार्गहक्कही नाकारला. पण त्याच निकालात असेही आहे, की त्या गावांवरचे पोर्तुगीज सार्वभौमत्व ब्रिटिशांनी प्रत्यक्ष व्यवहारात आणि पुढे भारतानेही मूकपणे मानले होते. पुणे दरबाराचा कागद भारताच्या कामी आला, नंतरचा व्यवहार आड आला.

लोकेच्छेचा आधार मात्र मतपेटीतून कधी घेतला गेला नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवेकरांना विचारले गेले ते महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, एवढेच. भारतात राहायचे की नाही, हा प्रश्न त्या मतपत्रिकेवर नव्हता.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये दिलेला एक निकाल तर परिषदेतल्या भाषणाशेजारी ठेवून वाचावा. भारतीय नागरिकत्व नाकारून परवान्याविना गोव्यात राहिलेल्या एका धर्मगुरूने जिनीव्हा करारातील संरक्षण मागितले होते. न्यायालयाने ते नाकारले. कारण? गोव्यातला अंमल हा तात्पुरता लष्करी ताबा नसून जिंकून केलेले पूर्ण सामिलीकरण होते. न्यूयॉर्कमध्ये जो शब्द टाळला गेला, तोच दिल्लीत सरकारच्या कामी आला.

वसाहतवादाचा युक्तिवाद पुढे इतरांनीही वापरला. अर्जेंटिनाने १९८२ मध्ये फॉकलंड बेटे घेताना तो मांडला, पण परिषदेने माघारीचा ठराव (क्र. ५०२) संमत केला. इंडोनेशियाने १९७५ मध्ये पूर्व तिमोरमधील काही पक्षांच्या विनंतीचा हवाला दिला. तोही परिषदेने मानला नाही.

पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने मान्य केले. हे प्रदेश भारतीय राज्यघटनेनुसार ज्या तारखेपासून भारताचे भाग झाले, त्या तारखेपासूनच ती मान्यता लागू धरण्यात आली. राज्यघटनेच्या बाराव्या दुरुस्तीप्रमाणे गोवा, दमण व दीव यांच्यासाठी ती तारीख २० डिसेंबर १९६१ आहे.