काचपट्टीपासून जनुकीय क्रमवारीपर्यंत

मंडळी, सावलीत हिवतापाची ओळख आम्ही काय करून देणार? ताप आला की आशाताई बोट टोचून काचपट्टीवर रक्त घेते, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला, तोही सूक्ष्मदर्शकातूनच. पण जंतू कुठून आला, किती बदलला, हे सूक्ष्मदर्शक सांगत नाही. ते कळतं जनुकीय क्रमवारीतून, म्हणजे जंतूचा अख्खा जनुकसंच अक्षर न् अक्षर वाचून.

या वाचनाचा एक मोठा धडा आपल्या विदर्भातच घडला. करोना विषाणूचा जनुकसंच सुमारे ३० हजार अक्षरांचा. तो जानेवारी २०२० मध्ये प्रथम जाहीर झाला. डिसेंबरात भारत सरकारने दहा प्रयोगशाळांची 'इन्साकॉग' ही साखळी उभारली. तेव्हा सगळ्यांची नजर ब्रिटनमधून येणाऱ्या नव्या प्रकारावर होती.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मात्र अमरावतीत रुग्ण झपाट्याने वाढले, टाळेबंदी लागली. २४ मार्चला केंद्राने सांगितलं की महाराष्ट्रातल्या सुमारे १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे बदल आहेत, आणि ते आधीच्या कुठल्याही चिंताजनक प्रकाराशी जुळत नाहीत. एल४५२आर म्हणजे काय? विषाणूच्या काटेरी प्रथिनात ४५२ व्या जागी ल्युसिन होतं, तिथे अर्जिनिन आलं. एवढाच फरक! वर्तमानपत्रांनी याला 'डबल म्युटंट' म्हटलं. पुढे पसरला तो त्याच कुळातला भाऊ, बी.१.६१७.२. त्यात ई४८४क्यू नव्हताच. ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने त्याला 'डेल्टा' नाव दिलं.

आता तारखा जुळवून बघा. या कुळाचे भारतातले सुरुवातीचे नमुने ऑक्टोबर २०२० चे. जाहीर इशारा मार्चअखेरचा. एप्रिलात खाटांसाठी, ऑक्सिजनसाठी झालेली धावाधाव आपण सर्वांनी पाहिली. म्हणजे यंत्रं होती, वाचणारे होते. पण नमुना घेण्यापासून निर्णयापर्यंतचा वेळ फार गेला.

म्हणून आम्हाला वाटतं, या विद्येची सुरुवात पुण्यातल्या प्रयोगशाळेत नाही, सावलीसारख्या तालुक्यात होते. हिवतापाच्या परजीवीत औषधाला दाद न देणारे बदल होतात, तेही असेच वाचता येतात. पण त्यासाठी जंगलपट्ट्यातला नमुना गाव-तारखेसह, खराब न होता पोचायला हवा, आणि उत्तर परत इथल्या डॉक्टरांपर्यंत यायला हवं. नाहीतर आपण फक्त रक्त द्यायचं, आणि काय निघालं ते वर्षभराने पेपरात वाचायचं!