तळटीप : कमरेचं नासूर

* लेखकाने ‘कमरेचं नासूर’ एवढंच म्हटलं आहे. वर्णनावरून हा ‘धोतराचा कॅन्सर’ असावा. मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली तो वेगळा नोंदवला. लोहा-अहमदपूरकडे धोतर, लुगडं, परकराची नाडी रोज त्याच जागी करकचून आवळतात. खुरपणीचा घाम आणि धूळ तिथंच मुरते. आधी काळा पट्टा पडतो, खाज सुटते, खवले निघतात, मध्येच कातडी पांढुरकी होते. क्वचित, तेही वर्षानुवर्षांनी, न भरणारा व्रण. लेखकाने आधी गजकर्णाचं मलम दिलं, यात नवल नाही. सुरुवातीला कुणीही फसेल. नाव वस्त्रावरून पडलं असलं तरी हा कॅन्सरचा स्वतंत्र प्रकार नव्हे. तुकडा तपासला की दिसतो तो त्वचेच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचाच कॅन्सर. कांगडीच्या, म्हणजे अंगाशी धरायच्या निखाऱ्यांच्या शेगडीच्या, धगीने काश्मिरी माणसाच्या पोटा-मांडीवर होतो, तोही ह्याच घरातला. २०२४मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन बायकांच्या नोंदी छापताना ‘साडीचा’ऐवजी ‘परकराचा कॅन्सर’ म्हटलं : काचते ती नाडी, साडी नव्हे. — संपा.