थांबायची ऐपत

हरिसिंग हा हिंगोलीच्या बाजारातला वजनदार व्यापारी. १८३० च्या आगेमागे छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची त्याच्याशी नेहमीची देवघेव असे. एकदा त्याने मुलकी कारभार पाहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याकडे अर्ज केला, की मुंबईहून कापड आणायचे आहे, परवाना द्यावा. परवाना मिळाला. कापड मात्र दुसऱ्याच व्यापाऱ्याचे होते. तो हिंगोलीजवळच्याच एका गावचा, आणि माल घेऊन वाटेवर होता. हरिसिंगने त्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना ठार केले, परवान्याच्या जोरावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीत राजरोस विकला. पुढे ठगांची धरपकड झाली, तेव्हा त्याने स्वतःच कबुली दिली. एरवी कुणाला पत्ताही लागला नसता. ही हकिकत फिलिप मेडोज टेलरने ठगांवरच्या आपल्या १८३९ सालच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत नोंदवली आहे. तो हिंगोलीच्या पलटणीत नोकरीला होता आणि हरिसिंगकडून त्याने स्वतः माल घेतलेला होता.

ठगांची गोष्ट रंगवून सांगणारे पुष्कळ. पण कयाधूकाठच्या या आडबाजूच्या गावात मुंबईचे कापड घेणारी गिऱ्हाइके आली कुठून, हे विचारावेसे फार थोड्यांना वाटते.

ती छावणीतून आली. १८१९ ते १९०३ अशी चौऱ्याऐंशी वर्षे हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फौज निजामाच्या पैशावर पोसलेली, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. आसपासच्या खेड्यांत वर्षातून एकदा-दोनदा, पीक निघाल्यावरच रोकड दिसायची. छावणीत मात्र ती पगाराच्या हिशेबाने यायची. शिंपी, चांभार, धोबी, सराफ, दाणेवाले, दूध-तूप घालणारे गवळी असे सगळे त्या पगाराभोवती गोळा झाले. जोडधंदा हा शब्द आज योजनांच्या पत्रकांत वाचायला मिळतो, पण छावणीच्या बाजारात रतीब घालणारा शेतकरी तेच करत होता.

पगार वेळेवर होत असे, असे मात्र समजू नये. कारण तो द्यायचा कुणी, तर निजामाने, आणि निजामाची तिजोरी कुणब्याच्या कणगीसारखीच सुगीला भरायची. शिपायाला दरमहा मोजायचे आणि महसूल मिळायचा हंगामाला. मधल्या महिन्यांची सोय करायला हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी ही सावकारी पेढी उभी राहिली. फौजेच्या पगारासाठी ती निजाम सरकारला शेकडा चोवीस-पंचवीस दराने उसने देई आणि बदल्यात परगण्यांचा वसूल लिहून घेई. म्हणजे मराठवाड्यातल्या रयतेचा सारा खळ्यावरून निघण्याआधीच पेढीकडे गहाण पडलेला असायचा. पेढीच्या भागीदारांत विल्यम रंबोल्ड होता. त्याची बायको गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांच्या घरात मानलेल्या मुलीसारखी वाढलेली, त्यामुळे वरून डोळेझाक होत राहिली. १८२० मध्ये चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला आणि त्याने हे प्रकरण लावून धरले. १८२४ च्या सुमारास पेढी बुडाली. हरिसिंगची हकिकत लिहिणारा मेडोज टेलर याच पामरचा जावई, ही गंमत जाता जाता.

पेढी बुडाली तरी निजामाची गरज काही बुडाली नाही. पामरची जागा पेस्तनजी मेहेरजी आणि विकाजी मेहेरजी या पारशी सावकारांनी घेतली. वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणात थेट मुंबईला पाठवण्याचा पहिला मान यांच्याच पेढीला दिला जातो. १८२५-२६ ची ती खेप बैलांच्या तांड्यावर लादून गेली. निजामाला दिलेल्या कर्जापोटी त्यांच्याकडे वऱ्हाडचा वसूल आला, औरंगाबादची टांकसाळही आली, आणि तिथल्या रुपयाला लोक पेस्तनशाही म्हणू लागले. शेवटी निजाम सरकारने वसूल काढून घेतल्यावर तीही पेढी बसली. कंटिंजंटच्या पगाराची थकबाकी साचत राहिली आणि १८५३ च्या तहात निजामाला वऱ्हाडच इंग्रजांच्या हवाली करावा लागला. पैशासाठी थांबता येत नाही म्हणून एक अख्खा सुभा गेला. १९०२ मध्ये पंचवीस लाख रुपये वार्षिक खंडावर तो कायमचा इंग्रजांकडे राहिला आणि दुसऱ्याच वर्षी हिंगोलीची छावणी उठली.

निजामापाशी सुभे तरी होते. कुणब्यापाशी गहाण टाकायला बैलजोडी, बायकोच्या हातातल्या चांदीच्या पाटल्या आणि जमीन. पेरणीला बी नसले की सावकाराकडून दाणा आणायचा. सवाईने आणला तर पायलीला सव्वा पायली परत, दिढीने आणला तर दीड. हे व्याज चार-पाच महिन्यांचे असे, वर्षाचे नव्हे. धान्य आणायचे ते भाव चढलेला असताना आणि फेडायचे ते खळ्यावर, भाव पडलेला असताना. हिशेब सावकाराच्या चोपडीत आणि अंगठा कुणब्याचा. पाडव्याला साल ठरवून राहणाऱ्या सालगड्याने तर वर्षाची उचल आधीच घेतलेली असल्यामुळे त्याचे पुढचे बारा महिने विकलेलेच असत.

या मुलखाचे दैवतसुद्धा उधारीच्या गोष्टीतून सुटलेले नाही. हिंगोलीपासून जवळचे नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. वडील दामाशेटी शिंपी. त्यांनी पोराला कापड विकायला बाजारात पाठवले, तर पोराने ते दगडधोंड्यांना उधारीवर देऊन टाकले आणि धोंडोबाला जामीन म्हणून घरी आणले, अशी कथा सांगतात. पुढे त्या धोंड्याचे सोने झाले. कीर्तनात ही भक्तीची गोष्ट असते, पण ऐकणाऱ्या कुणब्यांना त्यातला जामीन शब्द चांगलाच कळत असणार.

याशिवाय इथे आणखी एक जाच होता, नाण्यांचा. हिंगोलीत निजामाचा हाली शिक्का, पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेले की इंग्रजांचा कलदार. विसाव्या शतकात चारमिनारची छाप असलेला हालीचा यंत्रावर पाडलेला रुपया आला, पण बट्टा काही सुटला नाही. शंभर कलदारला हाली ११६ रुपये १० आणे ८ पै, हा पुढे रूढ झालेला दर. म्हणजे सहा कलदारला सात हाली. पलीकडच्या बाजारात बैल विकायला गेलेल्या माणसाला येताना सराफाशी घासाघीस करावी लागे, वर करोडगिरी नाक्यावर जकात. जो दोन्ही नाणी घरात ठेवून दर बरा होईपर्यंत दम धरू शके, त्याची पोळी भाजे. ज्याला उद्याच सारा भरायचा आहे, तो मिळेल त्या भावाने मोडून मोकळा होई. निजामाचे संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस कारवाईनंतरही हाली काही वर्षे चालूच राहिला. तो कायमचा बाद झाला १९५९ मध्ये.

तोवर बँका आल्या होत्या, निदान नावाला. १९४१ साली स्थापन झालेल्या हैदराबाद स्टेट बँकेकडे निजामाच्या चलनाचा कारभार होता. तीच पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ ला भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. १९७० च्या दशकात नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक निघाली. शेतीकर्जासाठी मात्र गावची सोसायटी आणि तिच्यामागची परभणी जिल्हा मध्यवर्ती बँक हाच पिढ्यान्‌पिढ्यांचा रस्ता. १ मे १९९९ ला हिंगोली परभणीतून वेगळी झाली, कलेक्टर वेगळा आला, जिल्हा परिषद वेगळी झाली, पण मध्यवर्ती बँक अजून परभणीचीच आहे.

कमाईचे चित्र खऱ्या अर्थाने बदलले ते पाण्याने, मग हळदीने. १९६० च्या दशकात पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे झाली आणि आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या बाजूला कालव्याचे पाणी फिरले. आधी ऊस आला, वसमतला पूर्णा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मागाहून हळद पसरली. सुरुवातीला इथला माल विकायला सांगली गाठावी लागे. आता वसमत आणि हिंगोली याच मोठ्या बाजारपेठा आहेत आणि हिंगोलीत हळदीसाठी संत नामदेव मार्केट यार्ड आहे.

हळद हे घाईचे पीक नाही. मे-जूनमध्ये बेणे लावायचे, आठ-नऊ महिने राखायचे आणि जानेवारीनंतर काढायचे. गड्डा वेगळा, हळकुंड वेगळे. मग शिजवणे. पूर्वी काहिलीखाली पाचट जाळत, आता बॉयलरच्या वाफेवर ड्रममध्ये शिजते. फेस येऊन वास सुटला आणि काडी सहज आत गेली की झाले. जास्त शिजली तर रंग जातो, कमी शिजली तर वाळताना बिघडते. दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, ड्रममध्ये फिरवून पॉलिश करायची. शंभर किलो ओल्या हळदीची वाळून वीस किलोच्या आसपास भरते. पण एकदा वाळली की ती टिकते, आणि इथेच तिचा कापसाशी किंवा सोयाबीनशी फरक पडतो. पोती नीट राखली तर वर्ष-दोन वर्षे ठेवता येतात. पोरीचे लग्न निघाले की दहा पोती काढायची, बाकीची राहू द्यायची. बँकेत ठेव नसलेल्या घरातही कोपऱ्यात हळदीची थप्पी असते.

ही ठेव जोखमीची आहे, हेही सांगायला हवे. २०१० मध्ये हळदीचे भाव विक्रमी चढले. ते पाहून लागवड वाढली आणि २०१२ पर्यंत भाव असे कोसळले की थप्पी लावून बसलेल्यांचे हात पोळले. २०२३ मध्ये पुन्हा उसळी आली. ज्यांनी आधीच्या पडत्या वर्षांत माल राखला होता, त्यांचे भले झाले. पण ती वर्षे निभावून नेण्याइतकी दुसरी मिळकत असणारे कोण? ज्यांच्या घरात नोकरीचा पगार येतो किंवा ज्यांचा ऊसही आहे, ते. आडत्याकडून उचल घेतलेल्याचा माल तयार झाल्याबरोबर बिटात जातो आणि पट्टीतून उचल, हमाली, तोलाई वजा होऊन उरलेले हातात पडते.

या अडचणीवर सरकारी तोडगा जुनाच आहे. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, त्याच्या किमतीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी घ्यायचे, भाव आला की विकून फेडायचे. पामरच्या पंचवीस टक्क्यांपुढे आणि दिढीपुढे हे व्याज म्हणजे काहीच नाही. मात्र गोदामात जागा हवी, कागद हवेत, आणि हळदीचा पडता काळ सहा महिन्यांत संपेल असे कुणी लिहून दिलेले नाही. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हळद संशोधन केंद्रही उभे राहते आहे. पाकिटावर वसमतचे नाव छापून जो जादा भाव येईल, तो थप्पीवाल्यापर्यंत पोचतो की दळून पाकीट भरणाऱ्यापाशी थांबतो, यावर वसमतच्या आडतीत चहाबरोबर सध्या बरीच चर्चा चालते. काही शेतकरी गटांनी मात्र चर्चा सोडून स्वतःच चक्की बसवली आहे.