शिंगरोबा आणि आपल्या वॉटफर्डचा बोगदा



सुट्टीतले सगळ्यांचे फोटो बघतेय. कुणी स्कॉटलंडचा नॉर्थ कोस्ट ५०० पूर्ण केला, कुणी लेक डिस्ट्रिक्टमधल्या हार्डनॉट पासवर गाडी चढवून घाम पुसला. अमेरिकेतल्या मैत्रिणी ॲरिझोना-यूटाच्या वाळवंटातून कॅन्यन बघत फिरल्या. आम्ही ग्लेन्कोला गेलो होतो. तिथे १६९२ साली झालेल्या हत्याकांडाची माहिती माझ्या दहा वर्षांच्या लेकीने पाटी न् पाटी वाचली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आई, आपल्या खंडाळ्याच्या घाटात पण असं काही झालं होतं का?"

मी म्हटलं, हो, शिंगरोबा! आणि सांगायला लागले, तर दोन मिनिटांत अडकले.

गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. इंग्रजांना बोरघाट चढायची वाट सापडेना. शिंगरोबा धनगराने आपल्या मेंढरांची वाट दाखवली. काम झाल्यावर साहेबाने विचारलं, बक्षीस काय हवं? तो म्हणाला, माझ्या देशाला स्वातंत्र्य द्या. त्याला गोळी घातली. कुणी ही गोष्ट रस्त्याची म्हणून सांगतं, कुणी रेल्वेची. जुन्या हायवेवर त्याचं देऊळ आहे, आणि गाडीतून नाणं टाकून हात जोडणं हे आपण सगळ्यांनीच लहानपणी केलंय.

लेकीचे दोन प्रश्न होते. "हे खरं आहे की गोष्ट आहे?" आणि जरा वेळाने, हळू आवाजात, "मारणारे म्हणजे इथले लोक का? आपले शेजारी वगैरे?"

दुसऱ्या प्रश्नाने माझ्या पोटात कालवलं. म्हटलं, आधी नीट वाचते, मग सांगते. ते वाचलेलं आज तुमच्यासाठीही लिहिते.

इंग्रजांना घाट ठाऊकच नव्हता, हे काही टिकत नाही. बोरघाट फार जुना. कार्ले-भाजेची लेणी दोन हजार वर्षांपूर्वी तिथे कोरली गेली, कारण कोकणातल्या बंदरांवरून देशावर येणारे व्यापारी तांडे तिथूनच जायचे. १७७८ च्या अखेरीस इंग्रजी फौज तोफा ओढत हाच घाट चढली, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला महादजी शिंद्यांपुढे तिला हार मानावी लागली. (कॅप्टन स्टुअर्ट त्याच मोहिमेत कार्ल्याजवळ पडला. शत्रू असूनही त्याच्या शौर्याचं कौतुक म्हणून आपल्या लोकांनी त्याला 'इष्टुर फाकडा' नाव दिलं. मुलांना हे फार आवडतं, जरूर सांगा.) पुढे १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीने, म्हणजे नंतरच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, घाटात तोफा जातील अशी वाट करून घेतली, आणि १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात घोडागाडी जाईल असा रस्ता झाला. एका धनगराने अज्ञात खिंड दाखवली, हे चित्र या तारखांत बसत नाही. "देशाला स्वातंत्र्य द्या" ही मागणीही मला नंतरच्या काळाची वाटते.

म्हणून गोष्ट सोडून द्यायची का? मी तेच करणार होते. मग रेल्वेबद्दल वाचलं.

घाटातल्या रेल्वेचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये संपलं. जेमतेम पंचवीस किलोमीटरचा मार्ग, चढ १,८३१ फूट, बोगदे २५. कड्यावर उभं राहायला जागा नसे, तिथे माणसांना दोरांनी खाली सोडून पहारीने सुरुंगाची भोकं पाडून घेत. पगार थकले म्हणून १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला आणि कंत्राटदार फॅविएलने काम सोडलं. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारला. ते कंत्राट पुढे त्याची बायको ॲलिस हिने चालू ठेवलं आणि आपल्या इंजिनिअरांकडून पुरं करून घेतलं. १८६१ च्या सुमारास एका वेळी ४२ हजार माणसं कामावर होती. कॉलरा, ताप, दरडी, सुरुंग. किती मेले? काही इतिहासकारांचा अंदाज वीस हजारांच्या वर जातो. अंदाजच, कारण नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

हे वाचल्यावर शिंगरोबा मला वेगळाच दिसायला लागला. या घाटासाठी जीव गेलेल्यांपैकी लोकांनी ज्याचं नाव जपलं, असा हा एकच. धनगर, ठाकर, कातकरी यांच्या पायवाटांवरून साहेबांची मोजणी झाली नसेल, असं मला तरी वाटत नाही. नाणं त्या सगळ्यांना पोचतं म्हणायला हरकत नाही.

आता दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर मला घराजवळच सापडलं. वॉटफर्ड जंक्शनहून उत्तरेला निघालेली गाडी लगेच बोगद्यात शिरते, माहीत आहे ना? साधारण मैलभराचा तो बोगदा लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेसाठी १८३० च्या दशकात खणला. अर्ल ऑफ एसेक्स आणि अर्ल ऑफ क्लॅरेंडन यांना आपल्या बागांतून रेल्वे नको होती, म्हणून मार्ग वळवला. त्यातली एक बाग म्हणजे कॅशिओबरी पार्क, जिथे आपली मुलं सायकल शिकली! खणताना १८३५ मध्ये एक शाफ्ट कोसळून दहा मजूर गाडले गेले. या रेल्वेचा मुख्य इंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सन. पुढे आपल्या जीआयपी रेल्वेचा सल्लागारही तोच, आणि बोरघाट बांधणारा जेम्स बर्कली हा त्याच्याच हाताखाली तयार झालेला. घाट पुरा झालेला त्यालाही बघायला मिळाला नाही, १८६२ मध्ये तो गेला.

लेकीला हे सगळं सांगितलं. "म्हणजे शेजाऱ्यांचे पणजोबा कदाचित बोगद्यात असतील," ती म्हणाली. मी म्हटलं, असतील. आणि गोळी घालणारा साहेबही इथूनच गेलेला असेल, तेही लपवलं नाही. दोन्ही तिला ऐकून घेता आलं. मलाच उगाच भीती होती.

आम्ही डिसेंबरमध्ये जातोय. तुम्हीही जाणार असाल तर ड्रायव्हरला आधीच सांगा, खोपोलीहून जुन्या रस्त्याने घ्या. एक्स्प्रेसवेवर देऊळ लागत नाही, आणि मिसिंग लिंकचे बोगदे तर घाटाचा तो भागच टाळतात. अमृतांजन पूलही आता नाही, एप्रिल २०२० मध्ये पाडला. मुलांना खिडकीशी बसवा, टॅबलेट पिशवीत.

आणि वरंधा, आंबेनळी, फोंडा, आंबोली, कसारा, तुमच्या आजोळच्या वाटेवर जो घाट असेल, त्याची आजी-आजोबांकडून ऐकलेली गोष्ट खाली लिहा. आंबोलीची एक तरी मला हवीच आहे, लेकीच्या बाबांचं गाव तिकडचं.