शब्दांच्या तलवारी : 'मंकी आयलंड' कसा घडला?

संगणकावरील खेळ म्हटला, की बंदुकांचा धडधडाट आणि सुसाट गाड्या डोळ्यांसमोर येतात. मात्र चित्रातील वस्तूवर माउसने टिचकी मारायची, कोडी सोडवायची आणि संवाद वाचत हसायचे, असाही एक प्रकार आहे. तो 'पॉइंट अँड क्लिक' साहसखेळ म्हणून ओळखला जातो. त्यातील विनोदी अद्भुतकथेचा मानदंड ठरलेला 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' हा खेळ अमेरिकेतील लुकासफिल्म गेम्सने १९९० मध्ये बाजारात आणला.

कल्पना रॉन गिल्बर्ट यांची. लेखन आणि प्रोग्रॅमिंगसाठी टिम शेफर व डेव्ह ग्रॉसमन त्यांच्या साथीला होते. १९८७ च्या 'मॅनियाक मॅन्शन'साठी तयार झालेली 'स्कम' ही प्रणाली त्यांच्या हाताशी होती. कोणत्या वस्तूवर कोणती कृती केली असता काय घडेल, हे तिच्यामुळे सोप्या सूचनांत लिहिता येई. खेळणाऱ्यासाठी 'उघड', 'उचल', 'बोल' अशी क्रियापदे पडद्यावरच मांडलेली असत.

चुकलेल्या खेळाडूला मरणाची शिक्षा देणे गिल्बर्ट यांना मान्य नव्हते. १९८९ मध्ये त्यांनी यावर लेखही लिहिला होता. त्यामुळे चाचा होण्यास निघालेला नायक गायब्रश सहसा मरत नाही. आपण दहा मिनिटे श्वास रोखू शकतो, अशी त्याची बढाई; त्याहून अधिक वेळ पाण्याखाली ठेवला, तरच तो दगावतो!

खेळाची खरी ओळख म्हणजे त्यातील तलवारबाजी. येथे वार टोमण्याचा आणि बचाव हजरजबाबी उत्तराचा. वाटेतल्या चाच्यांकडून टोमणे आणि उत्तरे शिकायची. मात्र तलवारबाजीत निष्णात असलेली स्त्री अगदी नवे टोमणे मारते आणि जुनीच उत्तरे त्यांना लागू करावी लागतात. म्हणजे प्रत्येक उत्तर दोन टोमण्यांना चपखल बसले पाहिजे. भाषांतरकारांची कसोटी लागते ती इथेच. शब्दशः अनुवाद केला, तर विनोद जातो आणि कोडेही सुटेनासे होते.

कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्या मराठी माणसाला ही रीत परकी वाटू नये. कथेसाठी स्थळांचीही वाण नाही. धाराशिव जिल्ह्यातील येडशीजवळचे रामलिंग घ्या. बालाघाटच्या दरीतील मंदिर, पावसाळ्यातील धबधबा, जटायूची आख्यायिका आणि प्रसादावर डोळा ठेवून असलेली माकडे. माकडाने पळविलेली किल्ली परत कशी मिळवावी, हे झाले कोडे. 'बोल' या शब्दावर टिचकी मारताच माकड काय सुनावते, तो झाला विनोद.

आज अशा रचनेसाठी 'अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ' हे साधन विनामूल्य उपलब्ध असून २०११ पासून त्याची मूळ आज्ञावलीही खुली आहे. तंत्र उसने घेता येते. टोमणा मात्र आपल्याच भाषेत घडवावा लागतो.