किल्ला, कारखाना व महाल : मराठी कारभारांतील एक समान घडी

मराठी राज्याच्या कारभारावर आजवर जें लेखन झालें तें बहुतेक खातेंवार झालें आहे. किल्ल्यांवर लिहिणारा किल्ल्यांपुरतें पाहतो, वसुलाचा अभ्यासक कमाविसदाराच्या कचेरीबाहेर पडत नाहीं, आणि आरमाराचा इतिहासकार किनारा सोडून घाटावर क्वचितच येतो. यामुळें एक गोष्ट नजरेआड राहिली आहे. गडावरील अंबारखाना, फौजेंतील हजारी, महालांतील कचेरी आणि पुण्याचें हुजूरदप्तर हीं ठिकाणें एकमेकांपासून कितीही दूर दिसलीं, तरी त्यांच्या कारभाराची घडी एकच आहे : ज्याच्या ताब्यांत वस्तु त्याच्या हातीं तिचा हिशेब नाहीं, व ज्याच्या हातीं हिशेब त्याचा तिजवर हुकूम नाहीं. ही घडी कशावर उभी होती व कशानें मोडली हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. जुन्या कागदांचा संग्रह करणारांचा या प्रश्नाशीं केवळ जिज्ञासेचा संबंध नाहीं, हें पुढें दिसून येईल.

आरंभ किल्ल्यापासून करणें सोईचें. तेथें ही व्यवस्था सर्वांत स्वच्छ दिसते. कृष्णाजी अनंत सभासदानें शके १६१६ (इ. स. १६९४) मध्यें जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जी बखर लिहिली, तींत गडावरील हवालदार, सरनोबत व सबनीस हे तिघे एकाच प्रतीचे सांगितले असून तिघांनीं मिळून कारभार करावा असा नियम दिला आहे. चौथा कारखानीस. हुकूम हवालदाराचा, शिबंदीवरील देखरेख सरनोबताची, हजिरी व तिचे कागद सबनिसाकडे, आणि धान्य व सामानसुमान यांचा जमाखर्च कारखानिसाकडे. म्हणजे कोठींतील एक मण नाचणी बाहेर काढावयाची तर ती काढावयास सांगणारा एक, खर्चीं लिहिणारा दुसरा, आणि ती ज्यांच्या पोटांत जावयाची त्यांची गणती राखणारा तिसरा. एकाला लबाडी करावयाची तर उरलेल्यांस सामील करून घेणें भाग होतें.

सामील करून घेणें सोपें जाऊं नये याचीही तजवीज होती. सभासदाच्या सांगण्याप्रमाणें हवालदार व सरनोबत मराठे, सबनीस ब्राह्मण आणि कारखानीस प्रभु असे. या वाटणीवरून अलीकडे पुष्कळ वाद माजले, व प्रत्येक पक्षानें तींतून आपापल्या ज्ञातीचें माहात्म्य काढून दाखविलें. मला येथें ज्ञातीच्या मानापेक्षां संगनमताची भीति अधिक दिसते. ज्यांचा आपसांत सोयरसंबंध होणें नाहीं अशांच्या हातीं एका कोठाराच्या निरनिराळ्या दोऱ्या देणें, ही साधी व्यवहारी सावधगिरी आहे. हवालदार, सरनोबत, सबनीस हीं नांवें फारसी वळणाचीं आहेत व ती भाषा दक्षिणेंतील सुलतानी दरबारांची. त्यामुळें या घडीचा सांगाडा जुना मानण्यास हरकत नाहीं. तिला आलेली कठोरता मात्र शिवकालाची.

रामचंद्रपंत अमात्यांचें म्हणून प्रसिद्ध असलेलें, इ. स. १७१५ च्या सुमाराचें आज्ञापत्र याच्याही पुढें जातें. त्यांत गडावरील अंमलदारांच्या बदल्यांचे काळ दिले आहेत : हवालदाराची बदली तीन वर्षांनीं, सरनोबताची चार वर्षांनीं, सबनीस व कारखानीस यांची पांच वर्षांनीं. वाचकांनीं हे आंकडे ओलांडून पुढें जाऊं नये. एकाच सालीं सर्वांस नेमलें तरी तीन, चार व पांच यांचा मेळ साठ वर्षांनीं एकदांच बसतो. गडावर सर्वच अंमलदार एकदम नवे आहेत, किंवा सर्वच इतके मुरले आहेत कीं एकमेकांचीं वर्में ओळखून स्वस्थ बसावें, या दोन्ही गोष्टी यानें टळतात. हें गणित मुद्दाम मांडलेलें असो वा नसो, परिणाम तोच.

फौजेंतही हेंच. सभासदाच्या बखरींत पागेच्या पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी अशी चढती रांग आहे, आणि जुमल्यापासून वर प्रत्येक तलवारीशेजारीं लेखणी बसविली आहे : जुमलेदाराजवळ मजुमदार, हजारीजवळ मजुमदार, कारभारी व जमेनीस. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ हलवर्ण येथें छावणीस असलेल्या फौजेला महाराजांनीं लिहिलेलें पत्र सर्वांच्या परिचयाचें आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा व वैरण आतांच उधळली तर पुढें घोडीं उपाशीं मरतील, उंदीर पेटती वात ओढून नेऊन गवताच्या गंजी पेटवील, हा मजकूर रयतेच्या कळवळ्यासाठीं वारंवार सांगितला जातो व तें योग्यच आहे. परंतु पत्राच्या मायन्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. तें जुमलेदार व हवालदार यांना आहे, तसेंच कारकुनांनाही आहे. वैरण जपून वापरण्याचा हुकूम शिपायाला देऊन काम भागत नाहीं. रोजचा शिधा मापून लिहिणाराही त्यांत बांधला गेला पाहिजे.

या व्यवस्थेचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. कारभार जितका वांटला जातो तितका अडवितांही येतो. इ. स. १६७५ मध्यें प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास महाराजांनीं जें पत्र पाठविलें तें याचें उत्तम उदाहरण होय. पद्मदुर्ग व आरमार यांस सुभ्यांतून पैका व गल्ला पोंचावयाचा होता. तो पोंचला नाहीं. लढणारा एका खात्याचा आणि पुरवठा करणारा दुसऱ्या खात्याचा, म्हणून आरमार खोळंबलें. महाराजांनीं त्यास अत्यंत कडक शब्दांत जाब विचारला व हबशानें त्यास वश केलें असावें असा संशयही बोलून दाखविला. पुढच्याच वर्षीं, म्हणजे इ. स. १६७६ मध्यें, त्याच सुभ्याचा सुभेदार रामाजी अनंत यास गेलेलें पत्र याशेजारीं ठेवून वाचावें. त्यांत गांवोगांव फिरून कुणब्यांस जमा करावें, ज्यास बैल नाहींत त्यास बैलांस पैका व पोटास दाणा द्यावा, त्यावर व्याज न घेतां मुद्दल हळूहळू उगवून घ्यावें अशा आज्ञा आहेत, आणि रामाजीनें केलेल्या शपथेचीही आठवण दिली आहे. गडाच्या कोठींत चौघांची नजर होती. सुभ्याच्या शेतांत ती पुरणारी नव्हती. जेथें लेखणीची चौकी पोंचत नव्हती तेथें शपथेवर भिस्त ठेवावी लागली.

पेशवाईंत ही घडी राहिली, पण तिचा टेकू बदलला. मोठ्या सुभ्यांत व मामलतींत दिवाण, मजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार व पोतनीस असे आठ दरकदार आढळतात. फडणीस रोजकीर्द राखी, मजुमदारानें पाहिल्यावांचून हिशेब पुढें जात नसे, पोतनीस रोकडीचा जमाखर्च ठेवी. शिवकालीं बदली हें जें औषध होतें त्याच्या जागीं येथें वंशपरंपरा आली. दरकदारास मामलतदार स्वतःच्या अधिकारांत काढूं शकत नव्हता, कीं त्याच्या नेमल्या कामाबाहेरचें काम त्यास सांगूं शकत नव्हता. वतनाच्या नांवानें नाकें मुरडणारांनीं एवढें ध्यानीं घ्यावें कीं, ज्यास काढतां येत नाहीं तोच वरिष्ठाचा हिशेब निर्भयपणें नाकारूं शकतो. उलट, ज्यास काढतां येत नाहीं त्यास आळशी होतांही येतें. मला दोहोंपैकीं बदलीची रीत अधिक सुदृढ वाटते. वंशपरंपरेची रीत अधिक टिकाऊ ठरली एवढें खरें.

या सर्व कागदांचा शेवट पुण्यास हुजूरदप्तरांत होई. तेथें चालतें दप्तर व एकबेरीज दप्तर असे दोन मोठे भाग होते. फड, बेहडा व सरंजाम हीं कामें पहिल्याकडे. खात्याखात्यांचे हिशेब जुळवून त्यांचे तर्जुमे बांधणें दुसऱ्याकडे. भर काळांत तेथें दोनशेंहून अधिक कारकून राबत. महालाच्या कागदाची खरी परीक्षा या ठिकाणीं, कधींही महाल न पाहिलेल्या माणसाच्या हातून, होत असे.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत (इ. स. १७९६–१८१८) हें मोडलें, आणि तें परचक्रानें मोडलें नाहीं. इ. स. १७६३ मध्यें निजामाच्या फौजेनें पुणें जाळलें व सिंहगडाच्या पायथ्याशीं कागदपत्रांचा नाश केला. तो घाव दप्तरानें सोसला. इजाऱ्याचा घाव सोसवला नाहीं. महाल अधिक बोली बोलणारास मक्त्यानें दिला म्हणजे सरकारास ठरलेल्या रकमेशीं काम. मग मजुमदार कशाचा हिशेब तपासणार? दरक राहिले, दरकदारांचें काम गेलें. इंग्रजी अंमल बसल्यावर झालेल्या चौकशींत आढळून आलें कीं, बाजीरावाच्या वेळीं दप्तराची हेळसांड होऊन कारकुनांचा ताफा जवळजवळ मोडला होता व लोकांस कागद घेऊन जाण्यास मोकळीक होती.

संग्राहकांनीं येथें थांबून विचार करावा. खासगी घरांतून आज जे मोडी कागद हातीं येतात त्यांतील कांहीं अशा रीतीनें पांगलेले आहेत, व कांहीं दरकदारांच्या घरीं पिढ्यानुपिढ्या सांचलेले आहेत. नाना फडणिसांचें मेणवलीचें दप्तर, जें पुढें दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हातीं आलें, हें दुसऱ्या प्रकारचें सर्वांत मोठें उदाहरण. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतून निवडून इ. स. १९३० ते १९३४ या काळांत जे ४५ खंड प्रसिद्ध केले त्यांनीं राजकारणाच्या इतिहासावर मोठा उपकार केला. पण निवड म्हटली कीं लढाईचें पत्र वर येतें आणि अंबारखान्याचा ताळेबंद रुमालांतच राहतो. बाजारांतही तेंच. शिक्क्याच्या सनदेस गिऱ्हाईक मिळतें, नाचणीच्या हिशेबास मिळत नाहीं, व तो रद्दींत जातो.

वर वर्णिलेल्या घडीमुळें एका व्यवहाराचे कागद दोन किंवा तीन हातांतून उतरत, व त्यांची एकवाक्यता हीच त्यांच्या खरेपणाची कसोटी होती. एकटा कागद अर्धा साक्षीदार होय. म्हणून रुमाल सोडतांना कोणता कागद कोणत्या कागदाच्या घडींत होता तें आधीं लिहून ठेवावें. सुबक कागद वेगळे काढून उरलेले विकूं नयेत. आणि जीर्ण कागदास पाठीमागून जाड कागद डकविण्याची चाल तर सर्वथा सोडावी. रुजू, बार यांसारखे दप्तरी शेरे पुष्कळदां पाठीवर असतात, आणि कागद कोणाकोणाच्या हातांतून गेला हें सांगणारें तेवढेंच काय तें चिन्ह असतें. पुण्याच्या पुराभिलेखागारांत एखाद्या महालाचा तर्जुमा असेल, तर ज्या रोजकीर्दीवरून तो बांधला ती त्या महालाच्या फडणिसाच्या वंशजांकडे, माळ्यावरच्या पेटींत, असण्याचा संभव असतो.